लख्ख आठवते, म्हणून अचूक असते का?

१९८४ साली इंदूरच्या राजवाड्याला आग लागली. रामबागेतली किंवा लोकमान्य नगरातली, आज साठी ओलांडलेली मराठी मंडळी त्या दिवसाबद्दल बोलू लागली की आपण कुठे होतो, बातमी कोणी आणली, धूर कोणत्या बाजूला दिसला, हे सारे काल घडल्यासारखे सांगतात. त्याच वर्षातला एखादा साधा मंगळवार मात्र त्यांना मुळीच आठवत नाही. या फरकामागे मेंदूतील लिंबिक सिस्टिमचा, म्हणजे भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांच्या गटाचा, मोठा वाटा आहे.

पॉल ब्रोका यांनी १८७८ मध्ये या भागाचे वर्णन केले, जेम्स पेपेझ यांनी १९३७ मध्ये त्याचा भावनांशी संबंध जोडला आणि पॉल मॅक्लीन यांनी १९५२ मध्ये त्याला हे नाव दिले. तिच्यात नेमके कोणते भाग मोजावेत याबद्दल आजही एकमत नाही. तिला सरसकट ‘भावनांचा मेंदू’ म्हणणेही मला योग्य वाटत नाही, कारण तिचा एक प्रमुख घटक असलेला हिप्पोकॅम्पस मुख्यतः स्मृतीचे आणि दिशाज्ञानाचे काम करतो. त्याच्या लगेच पुढे, कानशिलाच्या आतल्या बाजूस, बदामाच्या आकाराचा अमिग्डला असतो.

या दोघांची कामे वेगळी आहेत, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने फार सुंदर रीतीने दाखवले. काही विशिष्ट रंगांची चित्रे दाखवून त्यांतील एकाच रंगानंतर अचानक कर्कश भोंगा वाजवला जाई. ज्या रुग्णाचे दोन्ही बाजूंचे अमिग्डला निकामी होते, त्याला भोंगा कोणत्या रंगानंतर वाजतो हे नीट सांगता येत होते, पण तो रंग दिसताच तळहाताला सूक्ष्म घाम येण्याची भीतीची खूण त्याच्यात उमटत नव्हती. ज्याचे हिप्पोकॅम्पस निकामी होते, त्याचे शरीर त्या रंगाला बरोबर दचकत होते, पण काय घडले होते हे त्याला सांगता येत नव्हते. दोन्ही भाग गमावलेल्या तिसऱ्या रुग्णाकडे ना माहिती उरली होती, ना भीती.

निरोगी मेंदूत मात्र हे शेजारी एकमेकांवर सतत परिणाम करतात. प्रसंग हादरवणारा असला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात, अमिग्डलामध्ये नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढते आणि हिप्पोकॅम्पसमध्ये त्या प्रसंगाची स्मृती अधिक पक्की होते. १९९४ मध्ये लॅरी केहिल, जेम्स मॅक्गॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना गोष्ट ऐकवण्यापूर्वी प्रोप्रॅनोलॉल हे अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम रोखणारे औषध दिले. तेव्हा साधी गोष्ट त्यांना नेहमीसारखीच आठवली, पण भावनांना हात घालणारी गोष्ट एरवी जितकी ठळक राहते तितकी राहिली नाही.

तथापि पक्की स्मृती म्हणजे अचूक स्मृती नव्हे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान कोसळले. दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कुठे व कशी कळली, हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. अनेकांची दुसरी हकिकत पहिलीशी जुळली नाही, पण आपले म्हणणे खरेच आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. भावना आठवणीला जोर देते आणि खात्रीही देते. तपशिलांची हमी मात्र देत नाही.

याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. २०१० मध्ये आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांतच बहुतेक तपशील पुसले गेले, पण दुःख किंवा आनंद टिकून राहिला. पुढे अल्झायमरच्या रुग्णांमध्येही असेच आढळले. या आजारात हिप्पोकॅम्पस आणि त्यालगतचा भाग लवकर झिजू लागतो. म्हणूनच अशा आजीला दुपारी भेटून गेलेली नात संध्याकाळी आठवली नाही, तरी भेटीची प्रसन्नता काही काळ तिच्यात राहू शकते. आणि कोणी तिच्यावर चिडून बोलले असेल तर शब्द विसरूनही ती अस्वस्थ राहू शकते, फक्त त्याचे कारण तिला सांगता येत नाही.