सेटिंग लागू होईना म्हणून मायएसक्यूएल पुन्हा टाकू नका

सांगलीत विश्रामबागच्या क्लासपासून कॉलेजच्या प्रोजेक्ट ग्रुपपर्यंत मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: 'कॉन्फिग फाइल बदलून फरक पडत नसेल, तर मायएसक्यूएल काढून पुन्हा इन्स्टॉल करा.'

हा सल्ला टिकला, कारण तसं केल्यावर कधीकधी खरंच काम होतं. पण ते इन्स्टॉलमुळे नाही, सर्व्हर नव्यानं चालू झाल्यामुळे. कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जची फाइल, सर्व्हर फक्त सुरू होताना वाचतो. चालू असताना तुम्ही ती शंभरदा सेव्ह करा, त्याला पत्ताच नसतो.

समजा मोठी एसक्यूएल फाइल इम्पोर्ट होत नाही, म्हणून त्या फाइलमधलं 'मॅक्स अलाउड पॅकेट' (सर्व्हर एका वेळी किती मोठा तुकडा घेईल, ती मर्यादा) १ एमबीवरून ६४ एमबी केलंत. आता झॅम्पच्या (मायएसक्यूएल ज्या पॅकेजसोबत आलं, त्याच्या) पॅनलमधून मायएसक्यूएल स्टॉप करून स्टार्ट करा. मग चालू सेटिंग्ज दाखवणारी 'शो व्हेरिएबल्स' ही कमांड चालवून तेच नाव शोधा. उत्तर बाइट्समध्ये येतं: ६७१०८८६४ दिसलं, तर बदल लागला.

१०४८५७६च दिसतंय? मग बहुधा फाइलच चुकलीये. नोटपॅडनं फाइलच्या नावाशेवटी गुपचूप टीएक्सटी जोडलेलं असतं (माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीये), किंवा ओळ 'मायएसक्यूएलडी' या सर्व्हरच्या विभागाऐवजी क्लायंटच्या विभागात पडलेली असते. एकच सेटिंग दोनदा लिहिलं असेल, तर नंतरचं चालतं.

'सेट ग्लोबल' या कमांडनं रीस्टार्टशिवायही बदलता येतं, पण ते नव्या कनेक्शनलाच लागतं आणि सर्व्हर बंद केला की जातं.

पुन्हा इन्स्टॉल करताना मात्र डेटा फोल्डर उडू शकतो. सबमिशनच्या आदल्या रात्री तर नकोच.