मुद्दाम केलेला भेदभाव आणि नियमातून होणारा भेदभाव, अमेरिकन कायद्यात फरक काय?

अमेरिकेतल्या नोकऱ्यांमधल्या वर्णभेदाबद्दल वाचायला लागलं की डिस्पॅरेट ट्रीटमेंट (मुद्दाम वेगळी वागणूक) आणि डिस्पॅरेट इम्पॅक्ट (नियम सगळ्यांना सारखा, पण फटका एका गटाला जास्त) हे दोन शब्द सारखे समोर येतात, आणि बरेच जण दुसरा म्हणजे पहिल्याचाच जरा सौम्य प्रकार असं धरून चालतात. तसं नाहीये. दोन्ही १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टच्या टायटल ७ मध्येच, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाला बंदी घालणाऱ्या भागातच बसतात, पण कोर्टात सिद्ध काय करायचं तेच वेगळं आहे.

पहिला प्रकार कळायला सोपा. मालकाने वंश बघून माणसाला वेगळं वागवलं, म्हणजे इथे हेतू दाखवावा लागतो. आता "तू कृष्णवर्णीय आहेस म्हणून घेत नाही" असं कोण लिहून देणार? म्हणून १९७३ च्या मॅक्डॉनेल डग्लस खटल्यात सुप्रीम कोर्टाने एक वाट काढून दिली. उमेदवार लायक होता, अर्ज केला, नाकारला गेला आणि जागा तरीही रिकामीच ठेवून माणूस शोधणं चालू राहिलं, एवढं दाखवलं की मालकाला कारण सांगावं लागतं, आणि मग ते कारण खरं आहे की नुसता बहाणा यावर सगळी भांडाभांडी.

दुसऱ्या प्रकारात हेतू विचारतच नाहीत. इथे ड्यूक पॉवरची केस नीट बघायलाच हवी. नॉर्थ कॅरोलिनातल्या या कंपनीच्या डॅन रिव्हर वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त लेबर डिपार्टमेंटमध्ये घ्यायचे, आणि तिथला सगळ्यात जास्त पगार बाकीच्या डिपार्टमेंटच्या सगळ्यात कमी पगारापेक्षाही खाली. २ जुलै १९६५ ला टायटल ७ लागू झाला त्याच दिवशी कंपनीने चांगल्या डिपार्टमेंटमध्ये नव्याने भरती होणाऱ्यांसाठी हायस्कूल डिप्लोमाच्या जोडीला दोन लेखी टेस्ट आणल्या. लेबरमधून वर जायला तर डिप्लोमा हवाच होता, नंतर तो नसेल तर टेस्ट पास करा अशी सोय झाली. नियम कागदावर सगळ्यांना सारखाच! पण १९६० च्या जनगणनेत त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४% आणि कृष्णवर्णीय १२%, आणि डिप्लोमा नसलेले आधीपासूनचे गोरे कामगार तीच कामं व्यवस्थित करत होते, मग डिप्लोमाचा कामाशी संबंध काय? १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. माझ्या मते नोकरीतल्या भेदभावावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आहे, कारण मनात काय होतं हे शोधत बसलो तर अशा कंपन्या कधीच सापडणार नाहीत.

सरकारी यंत्रणा १९७८ पासून एक ढोबळ मापही वापरत आल्यात, ८०% चं. समजा १०० गोऱ्या अर्जदारांतले ६० घेतले आणि ५० कृष्णवर्णीयांतले २०, तर निवडीचे दर झाले ६०% आणि ४०%, दुसरा पहिल्याच्या ६७% च भरतो, ८०% च्या खाली, म्हणजे शंकेला जागा. पण तेवढ्याने केस जिंकत नाही आणि हा कोटाही नाही, ही गल्लत फार होते. नियम कामासाठी खरंच गरजेचा आहे हे मालकाने दाखवलं तर तो सुटू शकतो, फक्त तेवढंच काम भागेल असा कमी नुकसानीचा पर्याय असूनही मालक तो घेत नसेल तर पुन्हा अडकतो.

पैशातही फरक आहे. दोन्हींत बुडालेला पगार मिळू शकतो, पण टायटल ७ खाली मनस्तापाची भरपाई आणि दंडात्मक रक्कम फक्त मुद्दाम केलेल्या भेदभावात, तीही कंपनीच्या आकाराप्रमाणे ५०,००० ते ३,००,००० डॉलरच्या मर्यादेत.

आणि कधी कधी दोन्ही एकमेकांना धडकतात. न्यू हेवन शहराने फायर ब्रिगेडच्या बढतीच्या परीक्षेचा निकालच रद्द केला, कारण त्या निकालावर कृष्णवर्णीय उमेदवारांपैकी कुणालाच लगेच बढती मिळत नव्हती आणि इम्पॅक्टची केस होईल अशी भीती होती. २००९ मध्ये सुप्रीम कोर्ट ५ विरुद्ध ४ ने म्हणालं की वंश बघून निकाल फेकणं हाच मुद्दाम केलेला भेदभाव, नुसती भीती पुरत नाही, भक्कम पुरावा हवा.

एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढून सरकारी खात्यांना इम्पॅक्टच्या कारवायांना कमी महत्त्व द्यायला सांगितलं. सरकारचं पाठबळ गेलं हे मोठंच नुकसान आहे, कारण आकडे गोळा करून भांडणं एकट्या कामगाराला परवडत नाही. पण इम्पॅक्टची तरतूद १९९१ मध्ये काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यात लिहून ठेवलीये आणि ती आदेशाने पुसता येत नाही, त्यामुळे इइओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणारी सरकारी संस्था) वेळेत तक्रार करून, तिथून परवानगीचं पत्र घेऊन स्वतः कोर्टात जायचा रस्ता कामगाराला अजून आहे.