काइनाइट पंथ

काइनाइट पंथ : इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानला जाणारा एक नॉस्टिक, म्हणजे गूढ ज्ञानाने मुक्ती मिळते असे मानणारा, पंथ. बायबलने ज्यांना पापी वा द्रोही ठरवले, तेच या पंथाला पूज्य होते. भाऊ हाबेल याचा खून करणारा काइन हा त्यांचा आद्यपुरुष. पंथाचे नावही त्याच्यावरूनच पडले. याकोबाचा भाऊ एसाव, मोशेविरुद्ध उठलेला कोरह, देवाने पापासाठी नष्ट केलेल्या सदोम नगराचे रहिवासी हे सगळे आपल्याच गोतातले, असे ते म्हणत.

ऐकायला हे विपरीत वाटते, पण त्यामागचा तर्क पक्का आहे. बऱ्याच नॉस्टिकांच्या मते हे जग घडवणारा देव सर्वश्रेष्ठ नव्हे, तो अज्ञानी आणि दुय्यम. मग त्याचा कोप ज्यांच्यावर झाला, ते वरच्या खऱ्या शक्तीचे वारस ठरतात. निर्मात्याने कितीही छळले तरी त्यांना इजा झाली नाही, कारण सोफियाने, म्हणजे दिव्य प्रज्ञेने, आपला अंश परत स्वतःकडे घेतला. येशूचा शिष्य यहूदा इस्कार्योत याला हे सत्य ठाऊक होते, म्हणूनच त्याने येशूला धरून देण्याचे गूढ कार्य पार पाडले, अशी त्यांची श्रद्धा.

ही माहिती येते ती मात्र विरोधकांकडूनच. ल्योंचा बिशप इरेनियस याने सुमारे १८० मध्ये या मताचे खंडन केले. तो पंथाला नाव देत नाही, नाव पुढच्या लेखकांत येते. या पंथाची एक स्त्री उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये लोकांना बाप्तिस्म्यापासून परावृत्त करते, अशी तिथला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याची तक्रार आहे. मुक्तीसाठी प्रत्येक पाप अनुभवले पाहिजे असे ते शिकवत, हा आरोप जपूनच घ्यावा. कार्पोक्रेटिस या दुसऱ्या नॉस्टिक गुरूच्या अनुयायांवरही इरेनियसने तोच केला होता. असा संघटित पंथ मुळात होता का, याबद्दलच काही अभ्यासकांना शंका आहे.

इरेनियसने उल्लेखलेले ‘यहूदाचे शुभवर्तमान’ दीर्घकाळ हरवलेले होते. इजिप्तमध्ये १९७०च्या दशकात सापडलेल्या एका कॉप्टिक (प्राचीन इजिप्शियन भाषेचे उत्तरकालीन रूप) हस्तलिखितात याच नावाचा ग्रंथ मिळाला आणि २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मधल्या काळात हे पपायरस न्यूयॉर्क राज्यातल्या एका बँकेच्या लॉकरमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्याचे तुकडे तुकडे झाले होते. शिष्य भाकरीवर प्रार्थना म्हणत असताना येशू हसतो, हा त्यातला प्रसंग विलक्षण आहे. काइनची पूजा त्यात कुठेही नाही. पहिल्या भाषांतरकारांना त्यात यहूदा हा येशूचा सर्वांत जाणता शिष्य दिसला. अभ्यासक एप्रिल डीकॉनिक यांनी २००७ मध्ये तोच मजकूर वाचून यहूदा हा तेरावा दुष्टात्मा असल्याचे प्रतिपादन केले.