मन परत आलं, की एक पेर पुढे

ध्यानाला किंवा जपाला नव्याने बसणारे बरेच जण दोन-तीन आठवड्यांत एकच तक्रार करतात: 'मन लागत नाही.' दहा मिनिटांत मन दुधाच्या हिशेबाकडे, ऑफिसच्या मेलकडे, काल झालेल्या बोलाचालीकडे जाऊन येतं, आणि बैठक वाया गेली असं वाटतं. त्यात मनापेक्षा मोजमापाची चूक जास्त असते.

हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2,250 प्रौढांना फोनवरून दिवसभरात अवचित गाठून विचारलं, की आत्ता तुमचं लक्ष कुठे आहे? 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. म्हणजे भटकणं ही मनाची रोजचीच चाल आहे, डोळे मिटल्यावर ती फक्त दिसू लागते.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात वेंडी हॅसनकॅम्प यांनी 2012 मध्ये यापुढचं पाहिलं. चौदा अनुभवी साधक एमआरआय यंत्रात वीस मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून होते. मन भरकटल्याचं ध्यानात येताच त्यांनी बटण दाबायचं होतं. भरकटताना मेंदूतलं एक जाळं सक्रिय होतं, ते ध्यानात येण्याच्या क्षणी दुसरं (महत्त्वाचं काय ते हेरणारं), आणि लक्ष पुन्हा श्वासावर आणताना तिसरं, कपाळामागच्या भागांचा समावेश असलेलं. जोर-बैठकांत खाली जाऊन वर येणं म्हणजे एक बैठक, तसं इथे भरकटून परत येणं म्हणजे एक आवर्तन. ज्या दिवशी मन पंधरा वेळा भरकटलं आणि पंधरा वेळा परत आणलं, त्या दिवशी पंधरा आवर्तनं झाली. तो दिवस 'नापास' धरणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

मोजायला जपाची जुनी सोय आहे. अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांना प्रत्येकी तीन, अशी बारा पेरं. मन भरकटल्याचं कळलं की अंगठा एक पेर पुढे सरकवायचा आणि श्वासाकडे यायचं. उठल्यावर आकडा वहीत लिहायचा. हे आठवड्यातून एकदाच करावं, कारण रोज मोजलं तर लक्ष श्वासावरून मोजण्याकडे जातं. पहिल्या काही आठवड्यांत आकडा 6 वरून 14 वर गेला तर घाबरू नये. पूर्वी मन पाच मिनिटं हरवलेलंच राहायचं, तेव्हा तो एकच आकडा लागायचा. आता ते लवकर पकडलं जातंय.

बसण्याची सवय लागायला किती दिवस? 'एकवीस' हे उत्तर सर्रास दिलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी 96 जणांची 84 दिवस नोंद ठेवली. दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणं, रात्रीच्या जेवणाआधी धावणं अशी प्रत्येकाची एक कृती होती. कृती आपसूक होण्याचा मध्यक 66 दिवसांवर आला. टोकं 18 आणि 254 अशी होती (84 दिवसांपुढचे आकडे हा नोंदींच्या आलेखावरून काढलेला अंदाज). आलेख सुरुवातीला झपाट्याने चढतो, मग सपाट होत जातो. सपाटीवर आल्यावर 'प्रगती थांबली' असं वाटतं आणि नेमके तिथेच अनेक जण वेळ दहावरून चाळीस मिनिटांवर नेतात. मग दोन दिवस बसतात, तिसऱ्या दिवशी टाळतात. वाढवायचंच तर दोन मिनिटांनी वाढवावं आणि महिनाभर तेवढंच ठेवावं. बसण्याची वेळ घड्याळापेक्षा आंघोळीला किंवा सकाळच्या चहाला जोडलेली बरी, म्हणजे आठवण वेगळी ठेवावी लागत नाही.

एखादा दिवस चुकला तर? लॅली यांच्या नोंदींत एक दिवस गळल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. बिघडवतो तो दुसऱ्या दिवशीचा 'दुप्पट करून भरपाई' हा हट्ट. जपमाळेत मणी 108 असतात, पण अनेक परंपरांत एक माळ शंभरच धरतात. वरचे आठ चुकल्यामाकल्यासाठी सोडलेले असतात.