चिकनगुनियाची सांधेदुखी की आमवात? एकाच बिल्डिंगमधल्या दोघींची गोष्ट

सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात आमच्या सोसायटीत दर दोन घरांमागे एक जण लंगडत होतं. मला ताप आला तो मंगळवार होता, शाळेतून बसने नीट घरी आले, आणि रात्री नऊला बाथरूमपर्यंत भिंत धरून जावं लागलं. तीन-चार दिवसांत ताप गेला, पुरळ आलं आणि गेलं, सांधे मात्र गेले नाहीत. दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री घेतली की अंगठा तिच्या कड्यात जायचा नाही, मग पिशवी दातांनी फाडायची.

फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, आरए फॅक्टर (आमवाताची शंका असली की तपासतात ते रक्तातलं प्रतिपिंड) आला ३८, रिपोर्टवर मर्यादा २० लिहिलेली, शेजारी ठळक अक्षरात पॉझिटिव्ह. झालं, घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की मला आमवात झालाय, नणंदेने फोनवर दही-वांगं बंद करायला सांगितलं, मी रात्री मोबाईलवर वाकड्या बोटांचे फोटो बघत रडत बसायचे. चिकनगुनियाची टेस्ट तापात केलीच नव्हती, कारण 'सगळ्यांना तेच आहे' म्हणून कोणाला गरज वाटली नाही.

त्याच वेळी चौथ्या मजल्यावरच्या काकूंचे हात सुजायला लागले. त्यांना सगळे म्हणाले, अहो चिकनगुनियाच, साथ आहे ना, जाईल आपोआप. काकूंना ताप आलाच नव्हता, पण हे कोणी विचारलंच नाही.

आता मागे वळून बघितलं की कळतं, दोघींच्या कपाळावर एकमेकींची चिठ्ठी लागली होती. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मुळात आपल्याकडे घोळ शब्दापासूनच आहे, काहीही दुखलं की 'वात'. वयाने गुडघा झिजला तरी संधिवात, युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा लाल झाला तरी वात (त्याला जुना शब्द वातरक्त), आणि शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते तो आमवात, ज्याला डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तोही वातच. चिकनगुनियाचं तसं नाही, तो डासाने आणलेला व्हायरस. नावाचा कोंबडीशी काही संबंध नाही, टांझानियात १९५२ च्या साथीच्या वेळी तिथल्या माकोंडे भाषेतून तो शब्द आला, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. माझ्या सासूबाईंचं माहेर बार्शी, तिथे १९७३ मध्ये याची मोठी साथ आली होती, त्या तेव्हा लहान होत्या, त्या सांगतात की गल्लीतली धडधाकट माणसं कमरेत वाकून, काठी घेऊन चालत होती. मग तीसेक वर्षं हा आजार देशातून जवळजवळ दिसेनासाच झाला आणि २००५-०६ ला परत आला.

मला शेवटी संधिवात तज्ञाकडे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडे नेलं (हाडांच्या डॉक्टरांकडे आधी दोन चकरा झाल्या होत्या, त्यांनी एक्स-रे नॉर्मल आहे, वजन कमी करा म्हणून सांगितलं). मॅडमनी फाईल उघडायच्या आधी विचारलं, "कुठल्या दिवशी सुरू झालं सांगता येईल?" मी वार आणि वेळ दोन्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, हे मला तुमच्या आरए फॅक्टरपेक्षा जास्त सांगतं. चिकनगुनिया असा येतो, एका दिवसात, तापासकट, सगळे सांधे एकदम. आमवात बहुतेकांना हळूहळू धरतो, आधी बोटं सकाळी जड वाटतात, मग अंगठी अडकते, मग केव्हातरी लक्षात येतं की दोन महिने झाले. काकूंना तारीख सांगताच येत नव्हती, "गणपतीत मोदक वळताना त्रास झाला बहुतेक" एवढंच. नियमाला अपवाद आहेतच, काहींचा आमवातही अचानक उसळतो, आणि चिकनगुनिया झाल्यानंतर पुढे खरा आमवात निघाल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणून एकट्या तारखेवर कोणी निकाल देत नाही.

कुठले सांधे हे बघून ओळखू असं मला वाटायचं, पण तिथेच सगळ्यात जास्त फसायला होतं. मनगटं, बोटांची मुळं, दोन्ही बाजूंना सारखं, हे दोन्हीत होतं. सकाळचा आखडलेपणा तासभर टिकणं हेही दोन्हीत असतं, मी मात्र नेटवर वाचून तो आमवाताचाच पुरावा धरून बसले होते. (साधी झीज असेल तर तो आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो.) फरक असलाच तर एवढाच की चिकनगुनियात घोटे आणि टाचा फार धरतात, स्नायूंच्या दोऱ्या म्हणजे टेंडन सुजतात, आणि जुनं दुखणं असलेला सांधा हमखास जागा होतो, माझा लहानपणी मुरगळलेला डावा घोटा सगळ्यात शेवटपर्यंत सुजलेला होता. आमवात बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं आणि तळपायाचा पुढचा भाग धरतो, नखाजवळचं शेवटचं पेर बहुतेक वेळा सोडून देतो.

आता रिपोर्ट. आरए फॅक्टर या नावानेच निम्मं नुकसान केलंय, कारण नावात आरए आहे म्हणजे तोच आजार असं कोणालाही वाटणार. प्रत्यक्षात तो बऱ्याच इन्फेक्शननंतर, चिकनगुनियानंतरसुद्धा, थोडा वाढलेला दिसू शकतो, आणि काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही असतो. अँटी-सीसीपी ही दुसऱ्या एका प्रतिपिंडाची रक्त टेस्ट आमवाताच्या बाबतीत जास्त भरवशाची, ती चांगली वाढलेली असेल तर शंका बरीच पक्की होते. पण ती निगेटिव्ह आली म्हणून आमवात नाहीच असंही नाही, काही रुग्णांत दोन्ही निगेटिव्ह असतात, मग सूज किती सांध्यांना, किती आठवडे, सीआरपी आणि ईएसआर (शरीरातली सूज मोजणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) किती हे सगळं जोडून बघतात. चिकनगुनियाच्या टेस्टलाही वेळेचं गणित आहे: पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर (थेट व्हायरस शोधणारी), साधारण पाचव्या दिवसानंतर आयजीएम (नव्या संसर्गाचं प्रतिपिंड), ते काही महिने राहून ओसरतं. आयजीजी हे दुसरं प्रतिपिंड वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं, त्यामुळे २००६ मध्ये होऊन गेलेल्या माणसातही ते सापडेल, आजच्या दुखण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. म्हणून तापातच टेस्ट करून रिपोर्ट जपून ठेवलेला फार बरा, माझं तिथेच चुकलं.

एक्स-रेबद्दलही सांगते. आमवात उपचाराविना राहिला तर सांध्याच्या कडेचं हाड कुरतडतो, पण सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रे दोघांचाही स्वच्छ येऊ शकतो. सांध्यांच्या सोनोग्राफीत ते आधी दिसतं. माझ्यात टेंडनभोवती पाणी होतं, हाड शाबूत होतं, अँटी-सीसीपी निगेटिव्ह. मॅडमनी कागदावर लिहिलं, चिकनगुनियानंतरचा आर्थ्रायटिस, आणि खाली लिहिलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे. त्या एका ओळीने मला किती झोप दिली ते मी सांगू शकत नाही, दुखणं तेवढंच होतं तरी.

औषधांवरून ओळखायला जाऊ नका, कारण ती बरीचशी एकच आहेत. तापाच्या दिवसांत डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, कारण बाकीच्या पेनकिलरने डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. पुढे महिनोन्‌महिने सूज राहिली तर चिकनगुनियातही हायड्रॉक्सीक्लोरोक्विन किंवा मेथोट्रेक्सेट देतात, जी आमवाताची म्हणून ओळखली जातात. माझी यातली गोळी सात महिन्यांनी कमी करत करत बंद झाली. आमवातात ती बहुधा वर्षानुवर्षं चालते. आणि मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, रोज घेतली तर जिवावर बेतते, हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. गावाकडच्या 'वाताच्या पुड्या' मात्र कृपा करून घेऊ नका, दोन दिवसांत सूज उतरते ती बऱ्याचदा त्यात मिसळलेल्या स्टिरॉइडने, आणि मग डॉक्टरांना खरं चित्रच दिसत नाही.

पण वाट बघायची किती, हा प्रश्न दोघांत सारखा नाही आणि मला सगळ्यात जास्त तळमळ याचीच आहे. चिकनगुनियाचं दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं तरी बहुतेकांचं हळूहळू उतरतं. आमवातात मात्र पहिले काही महिनेच मोलाचे असतात, तेवढ्यात औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. ताप असो नसो, सूज सहा आठवड्यांच्या पुढे टिकली तर रुमॅटॉलॉजिस्टला दाखवाच, सोबत सुजलेल्या हाताचे सकाळी काढलेले फोटो न्या, कारण दुपारी दवाखान्यात सूज उतरलेली असते.

काकूंना मीच रिक्षात घालून माझ्या मॅडमकडे नेलं. ताप नाही, तारीख नाही, दोन्ही हातांची तीच तीच पेरं, अँटी-सीसीपी मर्यादेच्या कितीतरी पट. त्या दिवसापासून त्यांची मेथोट्रेक्सेट रविवारी रात्री असते, मी नऊ वाजता खालून फोन करते, घेतली का, आणि त्या म्हणतात, घेतली गं, परवा भाकरी पण थापली.