सायकलस्पर्धेतील थकवा आणि पायडलची शक्ती

दीर्घ श्रमानंतर स्नायूंची जोर लावण्याची आणि तो टिकवण्याची क्षमता उतरते, या उतरण्याला थकवा म्हणतात. मराठवाड्यातला सायकलवाला 'पाय भरून आले' एवढंच म्हणतो. सायकलपटूची शक्ती वॅटमध्ये मोजतात. क्रँकवरचा (पायडल जोडलेल्या दांड्यावरचा) टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, आणि क्रँक फिरण्याचा वेग यांचा तो गुणाकार.

थकवा आधी पायडलमध्ये दिसतो, वॅटमध्ये नंतर. मिनिटाला ९० फेऱ्या मारत २५० वॅट देणाऱ्याला सुमारे २६.५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. फेऱ्या ७० वर आल्या की तेवढ्याच वॅटसाठी ३४ लागतो. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर हा फरक सरासरी १६ किलोंवरून २० किलोंचा भार होण्याइतका आहे, तोही प्रत्येक फेरीत. शक्ती मोजणाऱ्या मीटरवरचा वॅटचा आकडा मात्र हलत नाही.

दमलेला पाय खाली दाबताना जास्त जोर काढतो आणि वर येताना पायडलवर ओझं होऊन बसतो. ते ओझं उचलायचं काम दुसऱ्या पायाला. 'पायडल वर ओढ' हा सल्ला अनेक जण देतात, पण बसून एकसारखी सायकल चालवताना मुद्दाम ओढल्याने ऊर्जेची बचत होत नाही. घाटात मागून पाहावं: सीटवर कंबर डावी-उजवीकडे डोलू लागते, खांदे हँडलवर येतात. दौलताबादहून खुलताबादकडे चढताना नवशिक्यांचं हे डोलणं लांबूनच ओळखू येतं.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. जोरकस प्रयत्नात स्नायूंत फॉस्फेट आणि हायड्रोजन आयन साचतात. लांब पल्ल्यात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, संपत जातं. शिवाय मेंदू आणि मज्जासंस्थेकडून स्नायूंना मिळणारी चालनाही मंदावते.

मराठवाड्यात उन्हाळ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पायडलपर्यंत पोचतो. म्हणजे २५० वॅट देणारं शरीर किमान ७५० वॅट उष्णता तयार करतं. ती बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं आणि त्याच वॅटला नाडी चढत जाते. इथल्या कोरड्या हवेत घाम लगेच उडतो. जर्सी कोरडीच वाटते, पाठीवर फक्त मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, आणि पाणी कमी पडल्याचं उशिरा कळतं. पावसाळ्यात छळतो तो पश्चिमेचा वारा: जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना तो तोंडावर बसतो, पायडल थांबवून पाय मोकळे करायची सोय राहत नाही. अशा वेळी दुसऱ्याच्या चाकामागे दडणारा बरीच शक्ती वाचवतो.

तरीही शेवटची रेषा दिसली की मघापर्यंत रडकुंडीला आलेला गडी सीटवरून उठतो आणि वॅट उसळतात. सगळा थकवा स्नायूंतलाच असता, तर शेवटच्या २०० मीटरची ही धाव त्याला जमली नसती.