बागकामाचा लेखी करार (ग्रामीण विदर्भ)

बागकामाचा करार म्हणजे जागेचा मालक आणि बाग करून देणारा ठेकेदार या दोघांत झालेला कागद. काम काय, किती, केव्हापर्यंत, किती पैशात आणि झाडं मेली तर भुर्दंड कोणाचा, हे सगळं त्याच्यात लिहिलेलं असतं. विदर्भाच्या खेड्यापाड्यात ही गोष्ट तशी नवीनच, कारण बाग म्हटलं की आपल्याकडे आधी संत्र्याचीच बाग डोळ्यासमोर येते. पण आता हायवेला लागून मंगल कार्यालयांची लॉनं झाली, नागपूर-पुण्यात नोकरीला असलेल्यांनी गावच्या वावरात फार्महाऊस बांधले, शाळा, संस्थानं, ढाबे सगळ्यांनाच आवारात हिरवळ पाहिजे, आणि शेगावचं आनंदसागर उद्यान पाहून आलेल्या माणसाला आपल्याही दारात थोडंफार तसंच पाहिजे असतं.

गावातले बाकीचे व्यवहार बोलीवर चालतात हे खरं आहे. सालगडी गुढीपाडव्याला बोलीवरच ठरतो, वावर बटईनं (पिकाच्या वाट्यावर) किंवा मक्त्यानं (ठरावीक रकमेवर) द्यायचं तेही बरेचदा तोंडीच, आणि वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा आंबिया नाहीतर मृग बहार झाडावर असतानाच व्यापारी इसार देऊन बाग घेतो, चिठ्ठी झाली तर झाली. तिथं बोली टिकते कारण रीत पिढ्यानपिढ्या ठरलेली आहे, बटई म्हटलं की बियाणं कोणाचं, खत कोणाचं हे गावात सगळ्यांना माहीत असतं. बागकामाला अशी रीतच नाही, म्हणून ‘माझ्या जबानीवर विश्वास नाही का’ म्हणून कोणी रुसायचं कारण नाही, जी रीत गावात नाही तीच कागदावर लिहायची असते.

कायद्यात तोंडी करारही चालतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार दोघंही सज्ञान, दोघांची राजीखुशी, कायदेशीर काम आणि त्याचा मोबदला एवढं असलं की करार झाला, पण भांडण झाल्यावर बोलणं काय झालं होतं ते सिद्ध करता करता माणूस थकून जातो. व्हॉट्सअपवर ठरलेलं पण पुरावा म्हणून कामी येतं, म्हणून मेसेज आणि कामाचे फोटो पुसून टाकू नये. स्टॅम्पपेपर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० चा लागतो. पुरेसा स्टॅम्प नसला तर करार खोटा ठरत नाही, पण राहिलेली ड्युटी आणि दंड भरल्याशिवाय कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही. नोटरी केली तर चांगलं, सक्ती नाही.

सही कोणाची घ्यायची हे आधी पाहा. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं, पैसे पाठवणारा पुण्यात आणि गावात कामावर उभे राहतात वडील, ते म्हणतात हा कडुनिंब राहू द्या, फोनवर मुलगा म्हणतो काढून टाका, आणि मधात ठेकेदार सापडतो. म्हणून शेवटचा शब्द कोणाचा ते एका नावानं लिहावं आणि वाढीव काम त्याच माणसाच्या लेखी होकाराशिवाय करू नये, मेसेज असला तरी चालतो. झाड तोडायचं असलं तर आणखीच जपून, साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, झाड आपल्या वावरात असलं तरी परवानगी लागते. ती मालकानं काढायची का ठेकेदारानं, हे करारात पाहिजेच.

मापाचं भांडण सगळ्यात जास्त होतं. लॉन स्क्वेअर फुटावर ठरतं, माती ब्रासवर (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) किंवा ट्रॉलीवर, झाडं नगावर. ५ गुंठे म्हणजे ५,४४५ स्क्वेअर फूट, पण त्याच्यातून रस्ता, ओटा, पाण्याची टाकी वजा केली का नाही ते कोणी बोलतच नाही आणि बिल पूर्ण ५ गुंठ्याचं येतं. तेवढ्या जागेवर ६ इंच माती टाकायची तर २,७२२ घनफूट, म्हणजे २७ ब्रासच्या वर माती लागते. ट्रॉली लहानमोठी असते, म्हणून ‘३० ट्रॉली’ असं न लिहिता ब्रास आणि थराची जाडी लिहावी. झाडाचं पण तसंच, ‘पाम ६ फूट’ लिहिलं तर ठेकेदार पानाच्या शेंड्यापर्यंत मोजतो आणि मालक खोडाचं धरून बसतो, कुठून कुठपर्यंत ते एका ओळीत लिहिलं की झालं.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर सरळ पेव्हिंग ब्लॉक बसवले तर एकाच पावसाळ्यात वरखाली होतात, म्हणून काळी माती किती खोल काढायची, मुरूम किती भरायचा, रोलर फिरवायचा का हे कामाच्या वर्णनातच यावं, नंतर वाढीव काम म्हणून येऊ नये. उतार कोणत्या बाजूला तेही, कारण काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं सडतात. मृग लागल्यावर भारी जमिनीत ट्रॅक्टर फसतो, चार दिवस काम बंद राहतं, त्याची मुदतवाढ आधीच धरून ठेवावी. मुदत चुकली तर दिवसाला अमुक दंड असं लिहिता येतं, पण कोर्ट तो जसाच्या तसा देईल असं नाही, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेल्या रकमेच्या आत वाजवी भरपाई मिळते.

आता पाण्याचं, आणि माझ्या मते विदर्भातल्या करारात सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच. ठेकेदार झाडं जगण्याची ६ महिन्यांची किंवा वर्षाची गॅरंटी देतो, मग मे महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, येतो, झाडं करपतात, ठेकेदार म्हणतो तुम्ही पाणी दिलं नाही, मालक म्हणतो झाडंच नाजूक होती, आणि खरं कोणाचं ते शेजाऱ्यालाही सांगता येत नाही. ५ गुंठे लॉनला उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी अडीच हजार लिटर होतं, म्हणजे ५ हजार लिटरचा टँकर दोन दिवसांत संपला. कृषी पंपाची थ्री फेज लाईन पाळीनं येते, कधी रात्रीच, मग बटन दाबायला कोण जागणार? म्हणून पाणी कोणाचं, बोअर आटला तर टँकरचे पैसे कोणाचे, मोटर आणि ड्रिप कोणी सांभाळायचं, पाणी दिल्याची वहीत रोजची नोंद कोण करणार, हे इतकं बारीक लिहावं की उद्या दोघांनाही बोट दाखवता येईल. सचोटीनं काम करणारा ठेकेदार लॉन कमी करा आणि बोगनवेल, कन्हेर, बकुळ, कडुनिंब वाढवा म्हणून स्वतःच सांगतो, त्याचं ऐकावं, त्याचा धंदा त्याच्यात कमी होतो तरी तो सांगतो.

जनावरांचं कलम शहरातल्या छापील नमुन्यात सापडणार नाही. इथं रोही (नीलगाय), रानडुक्कर आणि गावच्या बकऱ्या एका रात्रीत काम साफ करतात, आणि उधई (वाळवी) लागली तर वरून काही दिसतही नाही. कुंपण झाल्याशिवाय रोपं आणायची नाहीत, कुंपणानंतरचं नुकसान मालकाचं, खड्ड्यातली उधईची फवारणी ठेकेदाराची, अशी वाटणी दोघांनाही न्यायाची वाटते.

पैसे टप्प्यानं द्यावे. थोडा इसार, मग माती आणि मुरूम पडल्यावर, मग लागवडीनंतर, आणि थोडी रक्कम राखून ठेवावी ती एक उन्हाळा निघाल्यावर. पण राखलेली रक्कम इतकी मोठी नको की ठेकेदाराला मजुरांचा चुकारा करायला व्याजानं पैसे काढावे लागतील, मजूर आपल्याच गावचे असतात. रोख दिले तर पावतीवर सही घ्यावी.

बिनसलंच तर आधी गावात बसावं, २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या त्यासाठीच आहेत. घरगुती बागेच्या मालकाला ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही, पण मंगल कार्यालयाचं लॉन धंद्याचं म्हणून तिथं अडचण येऊ शकते. ठेकेदाराचं बिल अडलं तर काम झाल्यापासून ३ वर्षांत दिवाणी दावा टाकावा लागतो.

काम सोपवायच्या दिवशी दोघांनी सोबत फिरून झाडं मोजावी, गावात ज्या नावानं ओळखतात त्याच नावानं लिहावी, तारीख टाकून दोन्ही प्रतींवर सह्या कराव्या आणि एकेक प्रत दोघांनी आपापल्या घरी न्यावी.